चेन घेताना नुसता रंग आणि इंच सांगू नका

मॅचिंग सेंटरमध्ये जाऊन आपण कापडाचा तुकडा काउंटरवर टाकतो आणि म्हणतो, दादा याला मॅचिंग चेन द्या, दहा इंची. दादा रंग बघून एक काढून देतात, झालं काम. ती चेन त्या कापडाला पेलेल का, ती उघडल्यावर डोकं आत जाईल का, धुतल्यावर तिथे लाटा येतील का, हे ना ते विचारत ना आपण. आणि एक सांगते, चेन लावायला जमतच नाही म्हणणाऱ्या बऱ्याच जणींची शिलाई ठीकठाक असते, चेनच त्या कामाची नसते.

त्यामुळे घरून निघायच्या आधी एवढं ठरवून निघा: चेनवर ताण किती येणार, तोंड किती उघडायला हवं, आणि चेन दिसलेली चालेल की लपवायची आहे. रंग सगळ्यात शेवटी बघायचा. रंग अगदी जुळत नसेल तर एक शेड गडद घ्या, फिकी घेतली की लांबून पांढरी रेघ मारल्यासारखी दिसते.

आधी नंबर समजून घेऊ कारण दुकानात हाच शब्द चालतो. चेन बंद केल्यावर दातांची रुंदी साधारण जितके मिलिमीटर तितका तिचा नंबर, म्हणजे तीन नंबरची साधारण तीन मिलिमीटर, पाचची पाच, आठची आठ, दहाची दहा. अगदी मोजून तेवढीच भरेल असं नाही पण अंदाज येतो. रनर, म्हणजे चेन उघडबंद करायला सरकवतो तो तुकडा, उलटा करून बघा, पाठीमागे बऱ्याचदा आकडा कोरलेला असतो, जुन्या बॅगेची चेन बदलायची असेल तर तोच आकडा बघून दुकानात जायचं. तीन नंबर म्हणजे कुर्ता, फ्रॉक, परकर-पोलकं, उशीचा अभ्रा, साडी कव्हर, छोटे पाऊच. पाच नंबर म्हणजे हँडबॅग, जॅकेट, सोफ्याची आणि गादीची कव्हरं. आठ म्हणजे वह्या-पुस्तकं कोंबलेलं दप्तर, आणि दहा म्हणजे गावाला जाताना गुडघा ठेवून बंद करावी लागते ती मोठी बॅग. मधल्यामध्ये अडकलात तर कपड्यासाठी लहान नंबरकडे झुका आणि बॅगेसाठी मोठ्या नंबरकडे, मी तरी तसंच करते.

मग प्रकार. दुकानात जिला नायलॉनची चेन म्हणतात तिच्यात सुटे दात नसतात, एका लांब धाग्याची स्प्रिंगसारखी गुंडाळी असते आणि ती पट्टीवर शिवलेली असते (हल्ली तो धागा बऱ्याचदा पॉलिस्टरचा असतो पण नाव नायलॉनच पडलंय). ही सगळ्यात वाकते, त्यामुळे गोलाकार शिवण असेल, सॅकचं वरचं तोंड असतं ना उलट्या यू सारखं, तिथे डोळे मिटून हीच घ्या. शिवताना चुकून सुई दातांवरून गेली तरी बहुतेक वेळा काही होत नाही. हिला घाबरायचं ते फक्त इस्त्रीला, कॉटनवर फिरवतो तेवढी कडक इस्त्री थेट दातांवर टेकवली की गुंडाळी चपटी होते आणि मग रनर तिथे येऊन अडतोच. मधे सुती फडकं ठेवायचं.

मेटलची चेन म्हणजे पितळी किंवा अॅल्युमिनियमची. दिसायला झकास, जीन्स, लेदरची पर्स, जाड कॅनव्हासची टोट, यांना तिच्याशिवाय मजा नाही. पण ती जड असते, मऊ कापडाला लावली की कापड खाली ओढलं जातं, आणि कोकणात गोव्यात समुद्राजवळ राहात असाल तर खाऱ्या हवेत पितळ काळवंडतं, अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, चेन कचकच करायला लागते. रोज वापरातली असेल तर फारसं नाही जाणवत, पण कपाटात ठेवून दिलेली लेदर बॅग गणपतीत बाहेर काढली की लगेच कळतं. तिसरी मोल्डेड प्लास्टिकची, सुटे सुटे ठसठशीत दात असतात ती. रेनकोट, विंडचीटर, मुलांची जॅकेटं यांना उत्तम, दातांना गंज चढायचा प्रश्नच नाही. फार बारीक वळणावर मात्र ती नीट बसत नाही आणि एक दात तुटला तर विषय संपला, चेनच बदलावी लागते.

आता सगळ्यांना हवी असते ती इन्व्हिजिबल, जिला टेलर लोक कन्सील चेन म्हणतात. हिचे दात मागच्या बाजूला वळलेले असतात म्हणून शिवल्यावर बाहेरून नुसती शिवण दिसते आणि वर थेंबासारखं एक छोटं टोक. ते टोक रंगाला जुळत नसेल तर नेलपेंट लावा, दोन हात मारले की पुरे. ही चेन वनपीस, अनारकली, फिटिंगचा कुर्ता, ब्लाउजची साइड, यांना शोभते. पण ही नाजूक जात आहे हे डोक्यात ठेवा. जिथे कापड कायम ताणलेलं राहणार तिथे ही टिकत नाही. अगदी टाइट ब्लाउजला पाठीवर कन्सील चेन लावायचा हट्ट करतात लोक आणि मग लग्नात जेवायला वाकलं की मधूनच उसवते, म्हणजे रनर वर आहे आणि मधे फट. तिथे सरळ हुक लावा, नाहीतर चेनच्या वरच्या टोकाला एक हुक-आय द्या म्हणजे ताण हुकवर जातो आणि चेन फक्त फट झाकायचं काम करते. पॅडेड ब्लाउजला साइडची चेन बरी पडते, काखेपासून खाली, शक्यतो डाव्या अंगाला, म्हणजे उजव्या हाताने सहज ओढता येते. डावखुऱ्या असाल तर अर्थात उलट.

कन्सील चेन विकत घेताना लागेल त्यापेक्षा दोन इंच मोठी घ्यायची, हे पक्कं लक्षात ठेवा. कारण ही चेन आधी लावतात आणि खालची शिवण मग बंद करतात, आणि मशिनचा फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा पाय, रनरला आपटून खालच्या टोकापर्यंत पोचतच नाही, शेवटचा इंच-दीड इंच न शिवलेलाच राहतो. म्हणजे पाठीला वीस इंचाचं तोंड हवं असेल तर बावीसची चेन. उरलेलं आत लोंबतं ते नंतर टाके घालून कापून टाकायचं, टोकाला अस्तराचा छोटा तुकडा गुंडाळून शिवायचा म्हणजे टोचत नाही. लावायच्या आधी चेन उघडून उलट्या बाजूने कोमट इस्त्रीच्या टोकाने दात जरा आडवे पाडून घ्या, कोमट म्हणजे कोमटच. मग सुई दातांच्या अगदी मुळाशी जाते. दात वळलेलेच राहिले तर टीप लांब पडते आणि बाहेरून चेनची पट्टी डोकावते, मग इन्व्हिजिबल कसली. कन्सीलचा वेगळा फूट मिळतो खाली दोन खाचा असलेला, फार महाग नसतो, कपडे शिवत असाल तर घेऊनच टाका. नुसता एका बाजूचा फूट असेल तरी जमतं पण हळू.

कंबरेला जोड आहे, वर ब्रोकेड खाली ब्रोकेड, दोन्हीला अस्तर, आणि त्या जोडावरून कन्सील चेन जाणार आहे. हे ठिकाण म्हणजे हमखास अडणारं. तिथे कापडाचे इतके थर येतात की रनरला जायला जागाच राहत नाही, तुम्ही जोर लावता आणि पट्टी फाटते. चेन लावायच्या आधी त्या जोडाचं आतलं मार्जिन चेनखाली येणाऱ्या भागापुरतं छाटून बारीक करा, शिवण फोडून इस्त्री मारा, आणि त्या अर्ध्या इंचात टीप दातांपासून केसभर लांब घ्या. एवढं करूनही जोड जाडच वाटत असेल तर तिथे कन्सीलचा नाद सोडून साधी तीन नंबरची नायलॉन घ्या आणि वरून कापडाची पट्टी येईल अशी लावा. खणाचं किंवा पैठणीचं परकर-पोलकं शिवताना तर मी साधीच घेते, लहान मुली चेन ओढतात जोरात, आणि आतून एक मऊ अस्तराची पट्टी द्यायला विसरू नका, चेनमधे पाठीची कातडी सापडली तर पोर परत कधी पोलकं घालणार नाही.

जॉर्जेट, शिफॉनला थेट चेन लावू नका. जिथे चेन येणार तिथे एक इंच रुंद फ्युजिंगची (इस्त्रीने चिकटणाऱ्या अस्तराची) पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवून घ्या, नाहीतर कापड मशिनखाली ताणलं जातं आणि चेन लहान कापड मोठं अशी गत होऊन झोल पडतो.

लांबीचं गणित. चेनची लांबी म्हणजे वरच्या स्टॉपपासून खालच्या स्टॉपपर्यंत (रनरला टोकाशी अडवणारे छोटे तुकडे म्हणजे स्टॉप), दोन्ही टोकांना उरलेली पट्टी त्यात धरत नाहीत. पँटला बहुतेक सात इंची लागते, कुर्त्याच्या किंवा वनपीसच्या पाठीला वीस-बावीस. पण हे आकडे पाठ करण्यापेक्षा हे बघा की अंग आत कसं जाणार. समजा लहान मुलीचा फ्रॉक आहे, गळ्याचा घेर चौदा इंच आणि तिच्या डोक्याचा घेर टेपने मोजला तर वीस. पाठीला पाच इंच चेन उघडली तर तोंडाचा घेर दोन्ही बाजूंनी पाच पाच वाढतो, म्हणजे चौदा अधिक दहा चोवीस, डोकं आरामात गेलं. तीन इंचच उघडली तर वीस होतात आणि डोकंही वीस, म्हणजे कान ओरबाडले जाणार. आता हेच मोठ्या बाईच्या कंबरेत फिट वनपीसला लावा, तिथे डोक्याचा प्रश्न नसतो, खांदे आणि छाती त्या कंबरेतून जायला हवी, त्यामुळे चेन कंबरेच्या खाली चांगली सात-आठ इंच उतरली पाहिजे. कंबरेपर्यंतच चेन दिली की ट्रायलला अर्ध्यात अडकायचं, ना वर ना खाली.

बॅगा शिवणाऱ्यांनी तयार इंची चेनच्या मागे लागू नका. मीटरवर मिळते ती रोलची चेन घ्या आणि रनर सुटे घ्या. स्वस्त पडते, हवी तेवढी कापता येते, आणि एकाच चेनवर दोन रनर घालून मधे तोंडाला तोंड भिडवता येतात. पुण्यात रविवार पेठेत, तुळशीबागेच्या आजूबाजूला, मुंबईत भुलेश्वरच्या बाजूला अशी दुकानं बघायला मिळतील, बॅग मटेरियल विचारायचं. गावात नसेल तर बॅगा दुरुस्त करणारे असतात ना त्यांच्याकडे मागा, ते देतात मीटरवर. चेन आणि रनर एकाच दुकानातून एकाच वेळी घ्या आणि तिथेच घालून बघा. पाच नंबरचा नायलॉनचा रनर पाच नंबरच्या मेटलला किंवा मोल्डेडला चालत नाही, नंबर एक असला तरी जात वेगळी, आत दातांची वाट वेगळी असते. शिवाय दोन कंपन्यांचे पाच नंबरसुद्धा एकमेकांत कधी सैल कधी घट्ट बसतात.

रनर घालायची सोपी रीत म्हणजे चेनचे दोन फाळ, म्हणजे दात असलेल्या दोन पट्ट्या, पूर्ण वेगळे करायचे, टोकं अगदी सरळ समान कापायची, रनरला एका बाजूला दोन तोंडं असतात त्यात एकेका फाळाचं टोक सारायचं, दोन्ही एकदम सारखी आत गेली पाहिजेत, आणि मग रनर ओढायचा. मागून चेन बंद होत आली म्हणजे बरोबर. एका बाजूला एक दात जरी पुढे-मागे झाला तर शेवटी एक टोक लांब उरतं आणि मधे फुगा दिसतो, काढून परत घाला, पुढे सरळ होईल असं वाटून शिवायला घेऊ नका.

नऊ इंच रुंद खणाचा पाऊच शिवताय असं धरा. चेन नऊची नको, अकराची घ्या, तीन नंबर नायलॉन. शिवताना रनर एका टोकाला बाहेर लोंबत ठेवायचा म्हणजे टीप सरळ पडते, फूट रनरला धडकून टीप बाकदार होत नाही. मग रनर मधे आणायचा, हे महत्त्वाचं, मधे न आणता बाजू शिवल्या आणि जास्तीची चेन कापली तर रनर कचऱ्यात जातो आणि पाऊच कायमचा उघडा. पाऊच उलटा करून शिवतो तेव्हा चेन अर्धी उघडी ठेवा नाहीतर सुलटा कसा करणार. खणाला स्वतःचा जीव नसतो म्हणून आत पेपर कॅनव्हास (कडकपणा देणारं अस्तर) किंवा पातळ फोम लागतोच, त्यामुळे चेनच्या दोन्ही टोकांना थर वाढतात, तिथे कापडाच्या छोट्या पट्ट्या लावून चेन बाजूच्या शिवणीच्या अलीकडेच संपवा, कोपरे छान चौकोनी येतात. सुई चौदा नंबर, फोम जाड असेल तर सोळा.

मोठी नायलॉनची चेन लहान करायला काहीच लागत नाही, हवी तिथे दातांवरून आठ-दहा टाके हाताने घट्ट घाला, किंवा मशिनवर जागच्या जागी झिगझॅग मारा, आणि खाली पाऊण इंच सोडून कापा. मेटलला हे चालत नाही, सुई तुटून डोळ्यात जायची, तिथे पक्कडीने एकेक दात उपसून स्टॉप परत दाबून बसवावा लागतो. जॅकेटची दोन भाग वेगळे होणारी चेन फक्त वरून लहान होते, खालचा खटका कापला तर ती चेन संपली. जॅकेटला ओपन एंड मागायची, एवढं सांगितलं की दुकानदार समजतो. लांब जॅकेट घालून टू व्हीलर चालवणारे असतील तर टू वे मागा, खालूनही थोडी उघडते, बसताना पोटावर गोळा होत नाही.

रनरची लॉकवाली आणि बिनलॉकची अशी पण भानगड आहे. पँट, स्कर्ट, कुर्ता यांना ऑटो लॉक, म्हणजे रनरचं ओढायचं टोक सोडलं की रनर जागेवर पकडतो आणि टोक धरून ओढलं तरच सरकतो. बॅग, उशी, गादीला बिनलॉक, तिथे रनर कुठूनही ढकलला की सरकला पाहिजे. पँटला चुकून बिनलॉक लावली तर काय होईल ते सांगायला नको.

उशी, सोफा, गादीचं काम त्यामानाने सोपं. सोळा इंची कुशनला चौदाची चेन, दोन्ही कडेला एकेक इंच शिवण. सोफ्याला रनर मागच्या बाजूला येईल असा धरा, कडेला छोटा कापडी खिसा करून आत लपवला तर भिंतीला आणि पायाला ओरखडे नाहीत. गादीच्या कव्हरला चेन दोन-तीन बाजूंनी फिरवा, कंजूषपणा करून एकाच आखूड बाजूला दिली तर गादी आत घालताना घरातली सगळी माणसं लागतात. पावसाळ्यासाठी सॅक शिवत असाल तर वरून प्लास्टिकचा थर असलेली चेन मिळते, दात आतल्या बाजूला असतात, पाणी बरंच अडवते, पण मुसळधार पावसात फक्त तिच्या भरवशावर लॅपटॉप ठेवू नका, वरून झडप द्या.

दुकानात चेन हातात आली की आधी बंद करून मधोमध दोन्ही हातांनी आडवी ताणा, दात सुटायला नकोत. मग दुमडून बघा. पाच-सहा वेळा उघडबंद करा, एकाच जागी अडत असेल तर दुसरी मागा, वापरून मोकळी होईल म्हणतात ती होत नाही. ऑटो लॉक असेल तर टोक न धरता दोन्ही फाळ बाजूला ओढून बघा, रनर घसरला तर परत द्या. रनरवर वायकेके लिहिलंय म्हणून परीक्षा चुकवू नका. वायकेके ही 1934 साली टोकियोत तादाओ योशिदांनी सुरू केलेली कंपनी, माल चांगला असतो, पण त्या तीन अक्षरांची नक्कलही बाजारात भरपूर आहे.

सुती, खादी, इकत असेल तर शिवायच्या आधी कापड भिजवून वाळवून घ्या. कापड धुतल्यावर आटतं आणि चेनची पॉलिस्टरची पट्टी आटत नाही, म्हणून पहिल्या धुण्यानंतर चेनच्या जागी लाटा येतात आणि त्या इस्त्रीने जात नाहीत. धुताना चेन लावून, कपडा उलटा करून टाका.

आणि चेन मागून उघडायला लागली, म्हणजे रनर पुढे गेला तरी दात मिटत नाहीत, तर लगेच चेन बदलायला देऊ नका. बहुतेक वेळा दात ठीक असतात, रनरच्या कडा वापरून फाकलेल्या असतात. पक्कडीने रनरच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबा, आधी एक मग दुसरी, आणि चालवून बघा. जास्त दाबलं तर तो सरकायचा बंद होतो किंवा तुटतो. तरी नाही जमलं तर फक्त रनर बदलून घ्या. मीटरची चेन घेताना दोन रनर जास्तीचे घेऊन ठेवा आणि पुडीवर नंबर आणि जात लिहा, कारण सहा महिन्यांनी डब्यात सगळे काळे रनर सारखेच दिसतात.